अवैध नाव

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

सकाळी बिल्ड चालवलं नाही. बातमी वाचून हात थांबला. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातली १८ पॅकेजेस काल कुणीतरी बिघडवली. चॉक आणि डीबग त्यातलीच. सगळी मिळून आठवड्याला २०० कोटींहून जास्त वेळा उतरवली जातात. ती सांभाळणाऱ्या माणसाला एक मेल आला होता: टू-फॅक्टर नव्याने नोंदवा. पत्ता एनपीएमसारखाच, फक्त शेवटी डॉट हेल्प. त्याने माहिती भरली, तिथेच चावी गेली.

आत घातलेला कोड क्रिप्टोचे पैसे भलत्या पाकिटात वळवणारा. मी ज्या पतसंस्थेची साइट सांभाळते तिचा क्रिप्टोशी संबंध नाही. तरी लॉकफाइल ओळ न् ओळ पाहिली. आवृत्त्या जुन्या निघाल्या.

चॉकचं काम टर्मिनलवरची अक्षरं रंगवणं. ठेवीदाराच्या वारसाची नोंद घेणाऱ्या साइटच्या पोटात ते कशाला, असं सचिवसाहेबांनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

११ सप्टेंबर

पितृपक्ष. नव्या कामांच्या बैठका नाहीत. आधीच्या लोकांनी केलेली साइट वाचत बसले. नामनिर्देशनाचा अर्ज: सभासदाचं नाव, वारसाचं नाव, नातं, पत्ता, वाटा. एवढंच. त्यासाठी हजाराच्या वर पॅकेजेस.

२०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरची बिल्ड्स पडली. तेव्हा सगळे म्हणाले, यातून शिकायला हवं.

१६ सप्टेंबर

वहाळ शाखेत काम करणाऱ्या ताईंचा फोन. "मॅडम, एका ठेवीदार आजींचं नाव अर्ज घेतच नाही. तुम्ही बघा ना." फोटो पाठवला. आडनावात ऱ्ह. पडद्यावर नाव बरोबर उमटलंय. खाली लाल अक्षरांत: अवैध नाव.

आजी दोनदा येऊन गेल्या म्हणे. उन्हातून.

१६ सप्टेंबर, रात्री

सापडलं. नावाच्या तपासणीत एक ओळ आहे. देवनागरीचा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, आणि मोकळी जागा. बाकी सगळं नाकार. ऱ्ह मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक ऱ आणि हलन्त पाठवतात. काही साधा र, हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचा जोडक, यू+२००डी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जोडकाचा क्रमांक देवनागरीच्या पट्ट्याबाहेर, म्हणून नाव अवैध.

ताईंच्या संगणकावरचा कळफलक दुसऱ्या प्रकारचा.

१७ सप्टेंबर

आधीच्या लोकांना फोन लावला. म्हणाले, तो अदृश्य कॅरेक्टर काढून टाका, अर्ज पुढे जाईल. अर्ज जाईल. पण जोडक गेला की त्या र चा रफार होतो आणि ह च्या डोक्यावर बसतो. दऱ्याचं दर्या होतं. ठेव पावतीवर एक आडनाव, आधारवर दुसरं. आजी आहेत तोवर कुणी विचारणार नाही. त्यांच्या मागे मुलगा पावती घेऊन येईल तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणेल, नाव जुळत नाही, प्रतिज्ञापत्र आणा.

रात्री आणखी वाईट शोध. इतर शाखांत हेच केलेलं आहे. तिथे जोडक गुपचूप काढला जातो. कुणाची तक्रार नाही, कारण लाल अक्षरं दिसलीच नाहीत.

१९ सप्टेंबर

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण लावून पाहिलं. उपयोग नाही. र आणि खालचा नुक्ता वेगळे आले तर त्यांचा ऱ होतो. जोडकवाला र तसाच राहतो. युनिकोडच्या लेखी ही दोन वेगळी नावं, शोधलं तर एकमेकांना सापडत नाहीत. बदल हाताने लिहायला हवा: र, हलन्त, जोडक असे ओळीने आले की ऱ आणि हलन्त करून साठवायचं. एका ओळीचं काम.

लिहिलं. आजींचं नाव गेलं. ताईंनी अंगठा पाठवला.

जुन्या नोंदींचं काय?

२ ऑक्टोबर

दसरा. लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं. दिवसभर उघडला नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन. पंतप्रधान आले. ताई म्हणाल्या, आज शाखेत कुणी फिरकलं नाही, सगळे गर्दी बघायला नाहीतर टीव्हीसमोर.

या पट्ट्यातल्या ठेवी म्हणजे गेलेल्या जमिनी. १९७० मध्ये सिडको आली, भातशेती आणि मिठागरं संपादनात गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात जमिनीसाठीच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मिळाले ते त्यानंतर. भूखंड विकून आलेला पैसा पतसंस्थेत ठेवलेला. आजींची ठेवही त्यातली. सातबारावरून एकदा नाव निघालंय. पावतीवर तरी ते धड असावं.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चे मोफत अपडेट आजपासून बंद. शाखांमधले संगणक ११ घेत नाहीत, टीपीएम २.० नाही. यंत्रं ठणठणीत आहेत. सचिवसाहेब विचारतात, सगळे बदलायचे का? मी म्हटलं, आधी बघू त्यावर नक्की काय चालतं. ब्राउझर आणि प्रिंटर, एवढंच चालतं.

१५ ऑक्टोबर

सासूबाईंच्या फोनवर सोसायटीच्या गेटचं ॲप, मुलाच्या शाळेचं, गॅसचं, दवाखान्याचं. आज गेटचं ॲप अपडेट मागत होतं. जागा नाही. जागा करायला त्यांनी भाच्याच्या बारशाचे फोटो पुसले. मला संध्याकाळी कळलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहिली आंघोळ. चकल्या, रांगोळी. दुपारी एकच्या सुमारास सहकाऱ्याचा फोन: ॲमेझॉनचं व्हर्जिनियातलं केंद्र अडखळलंय, जगभर साइट बंद पडतायत. कारण डीएनएस. डायनॅमोडीबीचा पत्ताच सापडेना.

आपली साइट मुंबईतल्या यंत्रावर, ती चालू होती. मग विचार आला, ओटीपी पाठवणारे कुठल्या यंत्रावर आहेत? संध्याकाळी करारपत्र काढून वाचलं. त्यात नाही.

२९ ऑक्टोबर

दिवाळीनंतरही पाऊस. खांदा कॉलनीतून वहाळला जाईपर्यंत भिजले.

शाखेत पिग्मी एजंटच्या फोनवर अर्ज उघडून पाहिला. फोन जुना, काच तडकलेली, सिग्नलची एकच काडी. पांढरा पडदा. गोल फिरणारं चिन्ह. मग अर्ज दिसला, बोट लावेपर्यंत खाली सरकला, भलतंच बटण दाबलं गेलं. एजंटदादा म्हणाले, "आम्ही कागदावर घेतो आणि रात्री घरच्या वायफायवर भरतो." हे ते दोन वर्षं करतायत. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं फोनच खराब आहे.

पान चार एमबीच्या वर. एचटीटीपी आर्काइव्हच्या मोजणीत मोबाइलवरचं मधलं पान दोन एमबीच्या पुढे गेलंय. म्हणजे आमचं जवळपास दुप्पट, तरी जगावेगळं नाही. मला त्याचंच वाईट वाटतं.

ठरलं. हा अर्ज साध्या एचटीएमएलमध्ये. फ्रेमवर्क नाही. बटण दाबलं की सर्व्हरकडे जाईल, उत्तर येईल. फाँटही उतरवायचा नाही, फोनमधलाच चालेल. पानाची भाषा एमआर म्हणून नोंदवायची, म्हणजे फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असले तर ते येतील.

४ नोव्हेंबर

नावाच्या रकान्याला २० ची मर्यादा होती. कुणाची २०? जावास्क्रिप्टच्या मोजणीत 'ज्ञानेश्वर' १०. वाचणाऱ्याला ज्ञा, ने, श्व, र. जोडाक्षर एक धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ मध्ये आला, १५.१ व्या आवृत्तीत. मर्यादाच काढून टाकली. वडिलांचं नाव आणि आडनाव असलेलं पूर्ण नाव त्यात कधी मावलंच नसतं.

६ नोव्हेंबर

नवा सहकारी हुशार आहे, मनापासून करतो. म्हणाला, "तपासणीचा भाग मी एआयकडून लिहून घेतला, दोन मिनिटांत झाला." वाचला. सुबक कोड, वर टिपा. मधोमध तीच ओळ: ०९०० ते ०९७एफ.

त्याच्यावर रागावले नाही. ती ओळ इतक्या ठिकाणी लिहिली गेली आहे की विचारलं की तीच परत येते. पुढच्या वर्षी आणखी ठिकाणी असेल. आजींसारखं नाव असलेलं माणूस प्रत्येक काउंटरवर अवैध ठरेल आणि त्याला वाटेल, आपलंच काहीतरी चुकतंय. रात्री झोप लागली नाही.

७ नोव्हेंबर

सहकाऱ्याला शेजारी बसवून दोन्ही र टाइप करायला लावले. क्रमांक छापून दाखवले. बराच वेळ गप्प होता. मग स्वतःच चाचण्यांची यादी केली: कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे. प्रत्येक दोन्ही प्रकारे.

१२ नोव्हेंबर

ओटीपी इंग्रजीतून जातो. मराठीतून का नाही, विचारलं. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरी आली की ७०. मराठी मजकूर दोन संदेशांचा होतो, खर्च दुप्पट. म्हणून आजींना संदेश शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावा लागतो. 'कुणाला सांगू नका' हे वाक्यसुद्धा तोच वाचतो.

७० मध्ये बसणारा मजकूर लिहिला. अंक आधी, इशारा नंतर. जोडाक्षरं टाळली, प्रत्येक हलन्त मोजला जातो. मंजुरीला पाठवला.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअर कोलमडलं. एक्स, चॅटजीपीटी बंद. साइट बंद आहे का ते सांगणारी साइटही बंद. नंतर त्यांनी कारण लिहिलं: बॉट ओळखणारी एक फाइल अपेक्षेच्या दुप्पट झाली, वाचणारा प्रोग्राम कोसळला. स्पष्ट, प्रामाणिक लिहिलंय. असं लिहिणं सगळ्यांना जमायला हवं.

२६ नोव्हेंबर

अर्ज तयार. फोटो, रंग काही नाही. सगळं मिळून ३० केबीच्या आत. एजंटदादांनी वहाळहून भरला. पोचला. फोन करून म्हणाले, "झालं? एवढंच?"

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती आणि मार्गशीर्षातला गुरुवार. सासूबाईंची पोथी चालू, मी आतल्या खोलीत. रिॲक्टच्या सर्व्हर कम्पोनन्ट्समध्ये भगदाड. तीव्रता १० पैकी १०. लॉगिन नाही, काही नाही, एक विनंती पाठवली की परक्याचा कोड सर्व्हरवर चालतो. पतसंस्थेच्या साइटचा बाकीचा भाग त्यावरच आहे. रात्री अकरापर्यंत पॅच, चाचणी, पुन्हा चाचणी. नोंदी तपासल्या, कुणी शिरलेलं दिसत नाही.

प्रसाद थंड झाला होता. सासूबाईंनी गरम करून दिला, काही विचारलं नाही.

नव्या अर्जाला पॅच लावायला काही नव्हतंच.

५ डिसेंबर

दुपारी पुन्हा क्लाउडफ्लेअर, पंचवीसेक मिनिटं. त्याच भगदाडापासून गिऱ्हाइकांना वाचवायला घाईने केलेला बदल अंगाशी आला.

१० डिसेंबर

संचालक मंडळाची बैठक. एका कंपनीने नव्या ॲपचं सादरीकरण केलं. एआय मदतनीस, चेहऱ्याने लॉगिन. चित्रं सुंदर. एका संचालकांनी मला विचारलं, "तुमचा अर्ज फार साधा दिसतो. जुना वाटत नाही का?"

मी आजींची जुनी पावती आणि नवी पावती टेबलावर शेजारी ठेवली. आडनाव मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. अध्यक्ष स्वतः गव्हाणचे. म्हणाले, "आमच्या आळीत निम्म्यांचं हेच आडनाव."

ॲपचा विषय मार्चनंतर. अर्ज सगळ्या शाखांना.

१६ डिसेंबर

नावांची यादी चुकीच्या क्रमाने छापली जातेय. ळ असलेली नावं ल आणि व यांच्या मधे. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या मागे, मग क्ष, ज्ञ. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे, यंत्र क्रमांकाने लावतं. मराठी क्रमवारी चालू केली. ताई म्हणाल्या, आता नोंदवहीसारखं आलं.

१९ डिसेंबर

जुन्या नोंदी. इतर शाखांत जोडक काढून साठवलेली नावं. यंत्राला विचारून उपयोग नाही. एकदा रफार झाला की मूळ काय होतं ते डेटाबेसमध्ये कुठेच उरत नाही. खरोखर रफार असलेली नावंही आहेत, सूर्यवंशी, कार्ले. सरसकट बदल केला तर ती बिघडतील. कागद हवेत.

ताईंकडे हाताने लिहिलेल्या वारसनोंदी आहेत, अगदी पहिल्या वर्षापासूनच्या. इतर शाखांनीही ठेवल्यात का, विचारलंय.

२५ डिसेंबर

विमानतळावरून आजपासून विमानं. सकाळी मुलगा गच्चीवर. मी गव्हाणच्या शाखेशी बोलले. नोंदवह्या आहेत. कपाटाची किल्ली निवृत्त शिपाईकाकांकडे, ते उद्या आणून देणार.

२६ डिसेंबर

किल्ली मिळाली. सोमवारपासून बसायचं. ताई गव्हाणला येतायत, नोंदवही त्या वाचणार, सहकारी टाइप करणार, मी जुन्या नोंदीशी ताडून पाहणार. अक्षर लागलं नाही तर त्या घरी जाऊन विचारायचं. सचिवसाहेबांनी रिक्षाभाडं मंजूर केलं.