खाडीपलीकडची सायकल

भाईंदरहून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकीत डोंगरीच्या दिशेने वळतो. माझ्या शाळकरी वयात, म्हणजे १९७०च्या आसपास, या रस्त्याच्या कडेने मिठागरांत पांढरे ढीग उभे असत आणि दुपारच्या वेळी वाटेत माणूस दिसला तर तोच नवल वाटे. तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. सीटवर बसून पाय टेकत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून आम्ही ती हाणायचो. गुडघे फुटायचे ते आमच्याच चुकीने; दुसऱ्या कुणाच्या वाहनाचा त्यात वाटा नसे. कारण वाहनेच नव्हती. त्या रस्त्यावरून आज जाणाऱ्या वाचकाला हे सांगून पटणार नाही.

१९९८ साली माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी याच रस्त्यावर एका टेम्पोचा त्याच्या सायकलला धक्का बसला. उजवा पाय मोडला. दोन महिने प्लास्टर होते. देवाच्या कृपेने तो बरा झाला. पण अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, मुलगा इस्पितळात असताना, मी ती वाकलेली सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली आणि तिच्यासोबत माझी स्वतःची धडधाकट सायकलही दिली. विचारपूस करायला येणाऱ्या शेजाऱ्यांना मी सांगत असे, "पोराचं लक्ष नव्हतं. एक हात सोडून चालवीत होता." त्यानंतर आमच्या घरात सायकल आली नाही आणि तो विषयही निघाला नाही.

तो मुलगा आता स्पेनमध्ये, बार्सिलोनाच्या एका हॉटेलात आचारी आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन आला. "पप्पा, आज चाळीस किलोमीटर सायकल चालवली. सबंध वाटेवर एकही गाडी मागे लागली नाही." मी क्षणभर काही बोललो नाही. एवढ्या वर्षांनी त्याच्या तोंडून 'सायकल' हा शब्द मी प्रथमच ऐकत होतो.

तो गेला होता जिरोना या जुन्या शहराहून समुद्रकाठच्या सांत फेलिऊ या गावापर्यंत. जिरोना शहराला तटबंदी आहे आणि तेथील कॅथेड्रलचा मधला भाग सुमारे तेवीस मीटर रुंद आहे. गॉथिक पद्धतीच्या चर्चमध्ये जगात इतका रुंद सभामंडप दुसरा नाही. या दोन गावांमध्ये १८९२ साली एक छोटी रेल्वे सुरू झाली. त्या भागात बाटल्यांची बुचे बनविण्याचा मोठा धंदा होता. तो माल आणि माणसे तिने सत्त्याहत्तर वर्षे वाहिली. १९६९ साली ती बंद पडली. रूळ उखडले गेले, पण रुळांखालची वाट राहिली, आणि तिच्यावरूनच आज सायकली जातात. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा बंद रेल्वेमार्गांच्या वाटा करण्याचे काम चालू आहे. 'हिरव्या वाटा' या अर्थाचे नाव त्यांना दिलेले आहे आणि त्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरांच्या पुढे गेली आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून तिची वाट मुळातच सौम्य उताराची आखलेली असते. साहजिकच म्हाताऱ्यांना आणि मुलांना ती सोसते. वाटेतली जुनी स्टेशने उभी आहेत, दोन्ही बाजूंना शेते आणि ओकची झाडे आहेत, आणि जिथे मोटारींचा रस्ता आडवा येतो तिथे थांबण्याची खूण केलेली आहे, असे तो सांगत होता.

ऐकताना मला आपल्या भाईंदर स्टेशनची आठवण होऊन हसू आले. आपली पश्चिम रेल्वे बंद पडून तिच्यावर सायकली धावतील, अशी प्रार्थना करणारा माणूस विरार लोकलच्या डब्यातून जिवंत उतरायचा नाही!

यंदा मुलगा महिन्याच्या रजेवर आला, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या नातीने त्याच्याकडे सायकल मागितली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात डोके घातले. दोन दिवसांनी सायकल दारात होती. नात आमच्या इमारतीच्या आवारात, उभ्या केलेल्या मोटारींच्या मधून ती चालवायला शिकली आणि राखणदाराची रोज बोलणी खाऊ लागली. मीरा-भाईंदरमध्ये मुलाने सायकल शिकावी कुठे, हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला. उत्तर कुणापाशीच नव्हते. ते मुलानेच काढले. म्हणाला, "पप्पा, खाडी ओलांडून वसईला जाऊ. रविवारी सकाळी. तुम्हीही चला."

२०२४च्या फेब्रुवारीत भाईंदर पश्चिमेचा धक्का आणि वसई किल्ल्याचा धक्का यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली, हे वाचकांना ठाऊक असेलच. रस्त्याने जे अंतर अडतीस-एकोणचाळीस किलोमीटर पडते, ते पाण्यावरून साडेतीन किलोमीटर आहे; पाऊण तास-तासाचा वळसा टळून पंधरा मिनिटांत माणूस पलीकडे. मोटारींसाठी केलेली ही सोय सायकलवाल्याच्या पथ्यावर पडते. आम्ही शनिवारी संध्याकाळीच मिस्सा ऐकली आणि रविवारी सकाळी तीन सायकली घेऊन धक्क्यावर हजर झालो. दोन मुलाने मित्रांकडून आणल्या होत्या. अठ्ठ्याण्णवनंतर प्रथमच मी हँडलला हात लावीत होतो. वय वर्षे सदुसष्ट.

वसईच्या धक्क्याला बोट लागताच मोटारी आणि स्कुटरी घाईघाईने उतरून निघून गेल्या. आम्हीही निघणार, तोच मुलाने थांबवले. "दहा मिनिटं बसू. सगळ्या जाऊ द्या." आणि खरोखर, धूळ खाली बसल्यावर किल्ल्यातून जाणारा तो रस्ता असा मोकळा झाला की पाखरांचे आवाज ऐकू येऊ लागले. बोटीची रहदारी लाटेसारखी येते. एक लाट ओसरली की पुढची बोट येईपर्यंत रस्ता आपला. स्पेनने रूळ काढून जे साधले, ते आम्ही घड्याळ पाहून साधले.

किल्ल्यात संत जोसेफच्या कॅथेड्रलच्या भिंती आणि बुरूज उभे आहेत. त्याच्या दारावरचे १६०१ हे साल मी नातीला दाखविले. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे आली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, एवढे तिला शाळेमुळे ठाऊक होते. पण १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, म्हणजे त्या दारावर साल कोरले गेले तेव्हा वसईचा धनीही तोच, हे ऐकून तिने विचारले, "मग डॅडी इथूनच का नाही काम करत?" याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया स्पॅनिश फ्रान्सिस्कन मठवासीयांसोबत जपानला गेले आणि १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले. आमच्या डोंगरीचे चर्च १६१३चे, तेही त्याच साठ वर्षांतले. सांगता सांगता मी रमलो आणि नात कधी पुढे निघून गेली ते कळलेच नाही.

ती वळणाजवळ पोहोचली होती. समोरून कुठूनतरी एक हॉर्न वाजला. मी सारे बळ एकवटून ओरडलो, "थांब!" त्या ओरडण्याने ती दचकली, हँडल वाकडे झाले आणि ती रस्त्याकडेच्या गवतात आडवी झाली. मोटार आलीच नाही. ती दुसऱ्याच वाटेने गेली असावी. मुलाने शांतपणे तिला उठविले, गुडघा पाहिला, चेन बसविली. ती पुन्हा सायकलवर चढली. माझे पाय मात्र लटपटत होते. मी कठड्यावर बसलो.

मुलगा शेजारी येऊन बसला. मी म्हणालो, "त्या संध्याकाळी मीच तुला पाठवलं होतं. पाऊस असताना. घरात पाव नव्हता म्हणून."

"ठाऊक आहे, पप्पा," तो म्हणाला.

"लोकांना मी सांगत होतो, तुझं लक्ष नव्हतं."

"तेही ठाऊक आहे. इस्पितळात माझ्या खाटेजवळच सांगायचात." तो थोडा वेळ चेनचे वंगण लागलेली बोटे गवताला पुसत राहिला. मग म्हणाला, "माझं लक्ष होतं. हातही सोडला नव्हता. पाव मात्र भिजला."

सत्तावीस वर्षे मी जे वाक्य तयार करीत होतो, ते इतक्यात संपले. नात दुरून घंटी वाजवीत होती.

किल्ल्याबाहेर पडून आम्ही पापडी, गिरीज या बाजूच्या वाड्यांतल्या गल्ल्यांना लागलो. सारा धर्मग्राम त्या वेळी चर्चमध्ये होता, त्यामुळे गल्ल्या रिकाम्या होत्या. केळीच्या बागा, विहिरी, पायवाटेवरचे क्रूस आणि मधूनच एखादे भुंकणारे कुत्रे. मिस्सा सुटताच स्कुटरींचा लोंढा सुरू झाला आणि आमचे राज्य संपले. मोजून पाऊण तासाचे. एका दुकानात चहा घेतला. नातीने तिथल्या पावाचा वास घेऊन चार पाव मागितले, आणि मुलाने ते पिशवीत बांधून माझ्या सायकलच्या हँडलला अडकविले. परतीच्या बोटीला वेळ होता. मी पुढे, मध्ये नात, मागे तो, अशा क्रमाने आम्ही धक्क्याकडे निघालो. पिशवी गुडघ्याला लागत होती, म्हणून मी जरा हळूच चालवीत होतो.