तसबिरीचा घोटाळा

मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच प्रहसनातली तसबीर आर्थर मर्फीच्या इंग्रजी रूपांतरातून गोविंद बल्लाळ देवलांच्या हाती आली आणि १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर अवतरले. मूर्च्छित रेवतीला फाल्गुनराव सावरतो, कृत्तिका ते पाहते. रेवतीची पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि आता संशयाची पाळी फाल्गुनरावाची! महिन्यांची नि नक्षत्रांची ही नावे खास देवलांची.

आमचे मन मात्र अडते ते रेवतीपाशी. मोलिएरची नायिका सुखवस्तू घरातली लेक. रेवती नायकिणीची मुलगी. म्हणून तिच्या मुखी गाणे शोभते खरे, पण अश्विनशेठचा संशय तिच्या जन्मावरच बोट ठेवतो. फाल्गुनरावाला आम्ही पोट धरून हसतो. अश्विनशेठ बोलू लागला, की शेजारी बसलेल्या पत्नीकडे पाहण्याचे टाळतो.