नेहमीसारखं

क्रोशाचा इंग्रजी पॅटर्न पहिल्यांदा पाहिला की तो विणकामापेक्षा गणिताच्या पेपरसारखा वाटतो. 'सीएच', 'डीसी', कंस, तारांकनं, आकडे. माझ्यासारख्या बडोद्यात वाढलेल्या, गुजरातीतून शिकलेल्या आणि इंग्रजी व्हिडिओ पाहून सुई हातात धरलेल्या मुलीला या चिन्हांचं एकेक कोष्टक पाठ करावं लागेल असंच वाटलं होतं. पॅटर्न खरा वाचता आला तो आजीचे शब्द वापरायला लागल्यावर.

आजीकडे मोजून चार शब्द आहेत: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. साखळी म्हणजे साखळी. मुका खांब अगदी बुटका, खांब उंच आणि अर्धा खांब या दोघांच्या मधला. शब्द ऐकला की टाका डोळ्यांसमोर उभा राहतो. इंग्रजीत मात्र घोळ आहे. अमेरिकन पॅटर्नमधला 'डीसी' म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिश पॅटर्नमधला 'डीसी' म्हणजे मुका खांब! अक्षरं तीच, पण विणून होणारी वस्तू वेगळी. ओळखायची खूण सोपी आहे. पॅटर्नमध्ये कुठेही 'एससी' दिसलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत 'सिंगल क्रोशे' हा टाकाच नाही.

आता चौकोनी तुकड्याची, म्हणजे 'ग्रॅनी स्क्वेअर'ची, पहिली फेरी मराठीत वाचून पाहा. ४ साखळ्यांचं कडं करा. त्यात ३ साखळ्या, २ खांब, २ साखळ्या, मग * ३ खांब, २ साखळ्या * असं ३ वेळा, शेवटी जोडा. दोन तारांकनांच्या मधलं सगळं पुन्हा पुन्हा करायचं, एवढाच त्या ताऱ्यांचा अर्थ. सुरुवातीच्या ३ साखळ्या हा पहिला खांब धरायचा. फेरी संपल्यावर मोजा: ३-३ खांबांचे ४ गट, म्हणजे १२ खांब आणि ४ कोपरे. आकडा जुळला तर पुढे जायचं, नाहीतर तिथेच उसवायचं.

गोल रुमालाचंही तसंच. मुक्या खांबांचा सपाट गोल हवा असेल तर ६ पासून सुरुवात करून दर फेरीला ६ वाढवायचे: ६, १२, १८, २४. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. हे कळल्यावर पॅटर्न नुसता पाळायचा कागद राहत नाही. पुढच्या ओळीत काय येणार, याचा अंदाज आपल्यालाच येऊ लागतो.

एवढी तयारी झाल्यावर मी आजीची वही मागितली. शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले नमुने: '३ सा., २ खां., १ मु.' पाचव्या पानावर दाराच्या तोरणाचं पान होतं. सुरुवात, वाढवणं, १२ खांबांपर्यंतच्या ओळी, सगळं नीट लिहिलेलं. आणि शेवटी: 'टोक नेहमीसारखं.'

आता हे 'नेहमीसारखं' कसं असतं, ते फक्त आजीच्या बोटांना ठाऊक.

आजी आता ८४ वर्षांची आहे. संधिवातामुळे तिला सुई धरवत नाही. मी विचारलं, "आजी, टोक कसं करायचीस गं?"

"अगं, कमी करत जायचं."

"किती?"

त्यावर ती गप्प झाली. मग तिने रिकामा हात उचलला, दोन बोटं जुळवली आणि हवेतच विणायला लागली. ओठ हलत होते. मी शेजारी बसून लिहून घेतलं: दर ओळीत दोन्ही कडांना एकेक खांब कमी, कमी करताना दोन खांब अर्धे विणून सुईवर ठेवायचे आणि दोरा सगळ्यांतून एकदम ओढायचा. १२ चे १०, मग ८, ६, ४, २. शेवटचे दोन एकत्र संपवून ३ साखळ्यांची बारीक गाठ.

"हे मी लिहिलं नव्हतं होय?" तिने विचारलं. "लिहायचं काय त्यात!"

मला वाटतं, प्रत्येक पॅटर्नमध्ये असं एक 'नेहमीसारखं' असतं. लिहिणारा जे रोज करतो ते त्याला लिहावंसं वाटत नाही. छापील पॅटर्नमधली ती जागा दहा व्हिडिओ भरून काढतील. घरातल्या वहीतली जागा मात्र एकच माणूस भरू शकतं, आणि ते माणूस जवळ असेपर्यंतच.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत अशी वही असेल, किंवा रुखवतातला एखादा रुमाल कपाटात असेल. तो काढा. एका फेरीतले खांब मोजा, साखळ्या मोजा आणि जमेल तशा मराठीत लिहून काढा. अडेल तिथे आजीला, मावशीला, काकूला फोन लावा. "नेहमीसारखं" असं उत्तर आलं तर फोन ठेवू नका. नेमकं किती आणि कसं, ते विचारा.