चला, लॅमिंग्टन रोडला!

मित्रांनो, मुंबईला आलात की तुम्ही राणीची बाग बघता, गेटवे ऑफ इंडिया बघता, चौपाटीवर भेळ खाता. आज मात्र मी तुम्हांला अशा ठिकाणी नेणार आहे जिथे ना झाड, ना समुद्र, ना बसायला बाक. तरीही तिथून माझ्या भाच्याचा पाय दुपारभर निघाला नाही! ते ठिकाण म्हणजे लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरचा बाजार.

आम्ही तिथे का गेलो ते आधी सांगतो. माझी ताई डोंबिवलीला राहते. घरीच दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत तिचा कॉम्प्युटर अचानक बंद पडला. तेरा वर्षं इमानेइतबारे चाललेला! दुरुस्त करणारा आला, त्याने उघडून वास घेतला (हो, खरंच वास घेतला) आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला. या मॉडेलचा आता मिळायचा नाही." झालं! बारा वर्षांच्या सराव परीक्षांचे पेपर त्या डब्यात, आणि सुट्टी संपल्यावर सोमवारी पहिली परीक्षा. ताईच्या हातात होते भिशीचे वीस हजार रुपये. त्याच्या वर एक पैसा नाही, असं तिने निघतानाच बजावलं.

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनवर उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि कुणालाही विचारायचं. सात-आठ मिनिटांत आपण तिथे. मात्र विचारताना 'लॅमिंग्टन रोड' असंच विचारा. पाटीवर नाव आहे 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग', पण तुम्ही ते नाव घेतलंत तर समोरचा क्षणभर बुचकळ्यात पडतो. हे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते आणि तिथे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेला 'लॅमिंग्टन' नावाचा केक आजही मिळतो. त्यांच्याच नावावरून (कुणी म्हणतात, त्यांच्या बायकोच्या) हे नाव पडलं म्हणे. एका माणसाच्या नावाने एकीकडे केक आणि एकीकडे कॉम्प्युटर! आहे की नाही गंमत?

तुमच्या आईबाबांना मात्र हा रस्ता सिनेमाचा म्हणून आठवेल. इथल्या नाझ इमारतीत सिनेमा वितरकांच्या कचेऱ्या होत्या. इथल्याच मिनर्व्हा थिएटरात १९७५ साली 'शोले' लागला आणि पाच वर्षं चालला. आता मिनर्व्हा नाही. रेडिओचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणारी दुकानं इथे जुनीच, त्यांच्याच शेजारी पुढे कॉम्प्युटरची दुकानं थाटली गेली. १९९५ च्या सुमारास घरगुती कॉम्प्युटरला ८ एमबी रॅम असली तरी लोक कौतुकाने बघायला यायचे. आम्ही घ्यायला निघालो होतो ८ जीबी, म्हणजे बरोब्बर १०२४ पट!

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि सकाळी नऊलाही जाऊ नका, बंद शटर बघून परत यावं लागेल.

आम्ही पोचलो तर ही गर्दी! फुटपाथवर केबलींचे वेटोळे, हातगाडीवर रचलेले मॉनिटर, डोक्यावर सीपीयू घेऊन 'साईड, साईड' ओरडत जाणारे हमाल. पहिल्याच मोठ्या दुकानाशी भाचा थबकला. काचेचा डबा, आत निळे-जांभळे-हिरवे दिवे लुकलुकतायत, तीन-तीन पंखे गरगरतायत.

"बोलो साहेब! आय सेव्हन, सोला जीबी, वन टीबी. साडेसोला हजार, आपके लिये सोला."

भाच्याने माझा हात दाबला. "मामा, आय सेव्हन! बघ ना, सोळा हजारात!" खरं सांगतो, माझीही मान डोलली. नव्या लॅपटॉपचे भाव विचारून आम्ही आधीच गार झालो होतो. त्या पैशांत मिळतात त्यांची चाल गोगलगाईची, आणि पुष्कळांत रॅम बोर्डाला कायमची चिकटवलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोयच नाही. वापरलेला लॅपटॉप घ्यावा तर त्याची बॅटरी थकलेली. मग हा झगमगता डबा काय वाईट?

ताई शांतपणे म्हणाली, "आधी चालू करून दाखवा."

दुकानदाराने बटण दाबलं. दिवे लगेच लागले. पडदा मात्र लागेना! ताईने हातातल्या घड्याळाकडे बघितलं. अर्धं मिनिट, एक मिनिट, दीड मिनिट… शेवटी एकदाचा पडदा उजळला. भाच्याने सेटिंगमधलं 'अबाउट'चं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, आय ७-२६००.

आता इथे नीट लक्ष द्या बरं का, कारण फसगत होते ती इथेच. 'आय ७', 'आय ५' हा झाला वर्ग. पण आडव्या रेघेनंतरचा आकडा सांगतो पिढी. २६०० म्हणजे दुसरी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. शेवटचे तीन आकडे झाकायचे, उरेल ती पिढी. इंटेलचा आय ७-२६०० बाजारात आला २०११ साली. भाचा नववीत, त्याचा जन्मही २०११ चा.

"अरे, हा तर तुझ्याएवढाच!" ताई म्हणाली. "तू निदान वाढतोयस तरी."

दुकानदारसुद्धा हसला. पण हसून काय उपयोग? तो यंत्र खोटं देत नव्हता. आय सेव्हन म्हणाला, आय सेव्हनच होता. न विचारलेलं त्याने सांगितलं नाही, इतकंच. आणि अशा जुन्या पिढ्या स्वस्त का मिळतात ठाऊक आहे? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. सहावी-सातवी पिढी अजून धडधाकट चालते, पण या नियमात बसत नाही. तुम्हांला लिनक्स चालणार असेल (ते फुकट आहे आणि त्यात मराठीही उत्तम टाईप होतं) तर अशी मशीन जरूर घ्या. पण अगदी स्वस्तात घ्या, दिव्यांची रोषणाई करून सोळा हजारांत नको!

दुसरं दुकान होतं एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. लाकडी जिना, अंधार, आणि वर खोलीभर काळ्या डब्यांच्या थप्प्या. पाटी नाही, दिवे नाहीत. भाच्याचं तोंड एवढंसं झालं. हा सगळा 'कंपनीचा माल'. मोठ्या कचेऱ्या एकदम शेकड्यांनी कॉम्प्युटर घेतात, बरेचदा भाड्याने, आणि तीन-चार वर्षं झाली की नवे आणून जुने परत करतात. ते झाडून-पुसून, तपासून इथे येतात. कचेरीत हे डबे दिवसभर वातानुकूलित खोलीत बसून हिशोबाची कामं करतात. आपल्याकडच्या धुळीपेक्षा त्यांचे दिवस सुखाचे गेलेले असतात.

तिथल्या काकांनी एक डबा पुढे ओढला. आय ५-८५००, म्हणजे २०१८ चा, आठव्या पिढीचा. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. बटण दाबलं आणि ताईचं घड्याळ बघून व्हायच्या आत पडदा तयार!

हा चमत्कार आय ५ चा नव्हे, एसएसडीचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते. ती मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक हात पुढे-मागे सरकत माहिती शोधत बसतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून शोधायला वेळ लागत नाही. आणि रॅम म्हणजे तुमचं अभ्यासाचं टेबल समजा. टेबल मोठं असेल तर चार वह्या एकदम उघडता येतात, लहान असेल तर दरवेळी उठून कपाटाशी जावं लागतं.

काकांनी खटका ओढून डब्याची बाजू उघडली. स्क्रू-बिक्रू काही नाही. भाचा आता वाकून बघू लागला. आम्ही काय काय तपासलं ते सांगतो, उपयोगी पडेल. मागचे-पुढचे सगळे यूएसबी एकेक करून पेन ड्राइव्ह लावून बघितले. बोर्डावरचे छोटे डबीसारखे कपॅसिटर फुगलेत का ते पाहिलं. पंख्याचा आवाज ऐकला. विंडोज खरी आहे की चोरीची, ते सेटिंगमधल्या 'अ‍ॅक्टिव्हेशन'च्या पानावर बघितलं. आणि मुख्य म्हणजे पंधरा मिनिटं यूट्यूब चालू ठेवून तिथेच बसलो. काका काही बोलले नाहीत, उलट चहा मागवला. जो विक्रेता चालू करून बघू देत नाही त्याच्याकडून काहीच घेऊ नका, अगदी माऊससुद्धा.

"अंकल, इसमें ग्राफिक्स कार्ड लगेगा?" भाच्याने धीर करून विचारलं.

काकांनी खरं ते सांगितलं. पॉवर सप्लाय लहान आहे, मोठं कार्ड पेलणार नाही. बोर्डाच्या खाचेतूनच ७५ वॅटपर्यंत वीज घेणारं छोटं कार्ड बसेल, त्यावर साधे गेम चालतील. भाच्याला हवे होते ते नाही. तो गप्प झाला. मलाही वाईट वाटलं, लपवत नाही.

"साडेचौदा हजार. बिल चाहिये तो बोलो."

"पक्कं बिल हवं," ताई म्हणाली. बिलाशिवाय थोडं कमी होतं, पण मग सहा महिन्यांची वॉरंटी कुणाकडे मागणार?

मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरचेच ठेवले. इथेच पैसे वाचतात, पण इथेच एक गोम आहे. जुन्या मॉनिटरला निळं, पंधरा टाचण्यांचं व्हीजीए तोंड असतं. या डब्याला ते नव्हतंच! चारशे रुपयांचा कन्व्हर्टर घेतला. डोंबिवलीची वीज लक्षात घेऊन सत्तावीसशेचा यूपीएस घेतला. जुनी डिस्क नव्या डब्यात जोडायला ऐंशी रुपयांची केबल. झाले सतरा हजार सहाशे ऐंशी.

निघताना काका म्हणाले, "रॅम का भाव बढ रहा है. और एक आठ जीबी लेके रखो, एक खाँचा खाली है." मला वाटलं, ही विकायची नेहमीची युक्ती. "पुढच्या महिन्यात बघू," मी ऐटीत म्हणालो. आणि पुढच्या महिन्यात काय झालं? एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पुरवता पुरवता जगभर तुटवडा पडला आणि रॅमचे भाव असे भडकले की ती खाच अजून रिकामीच आहे. भाचा मला भेटला की पहिली आठवण तीच काढतो.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळी जोडाजोड भाच्याने केली. जुनी डिस्क नव्या डब्यात बसवली, केबल लावली, आणि ताईचे फोल्डर एकेक करून पडद्यावर उमटले. तिने पेपर उघडला आणि तिचा चेहरा उतरला. सगळी अक्षरं वेडीवाकडी! ना मराठी, ना इंग्रजी, नुसत्या खुणा. डिस्क बिघडली असं वाटून मी तर डोक्याला हात लावला.

पण तसं नव्हतं. तुमच्याही घरी हे होऊ शकतं, म्हणून सांगतो. युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत टाईप व्हायचा. त्यात 'क' हा खरा 'क' नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षराला 'क'चा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. भाच्याने जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरात शिरून फॉन्टचं फोल्डर शोधलं आणि त्यातली ती एक फाईल उचलून नव्यात टाकली. पेपर पुन्हा उघडला.

'प्रश्न १ ला. खालीलपैकी कोणतेही चार उपप्रश्न सोडवा.'

"आई, हा गेल्या वर्षीचाच पेपर आहे," भाचा वाचत म्हणाला. "आकडे तरी बदल, पोरांकडे असेल हा."

ताईने खुर्ची पुढे ओढली. साडेअकरा वाजले होते, आणि सोमवारला अजून एक रविवार शिल्लक होता.