आजीने जुळवलेले पान

आमच्या घरातील वडिलोपार्जित मालमत्तेचा पंचनामा करण्याचे कुणी मनावर घेतलेच, तर त्याला माजघरातल्या एका पत्र्याच्या पेटीपाशी येऊन थांबावे लागेल. आणि त्या पेटीतही एक विरलेली काळी शाल, एका काडीचा चष्मा आणि सुतळीने आडवे-उभे बांधलेले एक जाड पुस्तक, एवढाच ऐवज त्याच्या हाती लागेल. हे पुस्तक म्हणजे पंडिता रमाबाईंनी भाषांतरिलेले मराठी पवित्र शास्त्र. १९२४ साली ते केडगावच्या मुक्तिसदनातून प्रसिद्ध झाले (केडगाव म्हणजे नगरच्या वेशीवरचे नव्हे, दौंडकडचे, आमच्या जिल्ह्यात हा खुलासा दर वेळी करावा लागतो), आणि माझी आजी त्याच मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळवीत असे.

आजी मूळची गुजरातेतली. १९०० सालच्या दुष्काळात, आईबाप कोणत्या वाटेवर पडले याचीही आठवण उरलेली नसताना, सहा-सात वर्षांची ही पोर रमाबाईंच्या माणसांबरोबर आगगाडीने केडगावला पोहोचली. गावाचे नाव तिला सांगता येत नसे. एक पिंपळ आणि कोरडी विहीर, एवढीच काय ती तिच्या जन्मभूमीची चतुःसीमा. जे सोडले म्हणून माणसे त्यागी ठरतात, ते कुळ, वतन, देवघर, भाषा, यांपैकी तिच्यापाशी सोडण्यासारखे काहीच शिल्लक नव्हते. पुढे माझ्या बोलण्यात जेव्हा जेव्हा त्यागाचा सूर लागे, तेव्हा तेव्हा ती माझ्याकडे किंचित कौतुकाने आणि किंचित कंटाळ्याने पाहत असे, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

मुक्तिसदनाच्या छापखान्यात मुली आणि बायका काम करीत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडणाऱ्या खेडवळ बाईलाही समजेल अशा मराठीत संबंध शास्त्र उतरवण्याचे जे काम हाती घेतले होते, त्यात आयुष्याची अखेरची अनेक वर्षे घालवून, ग्रंथ बांधून हाती येण्यापूर्वीच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. आजीचे लग्न त्याच वर्षी झाले आणि ती आमच्या गावच्या मंडळीत सून म्हणून आली. येताना तिने जे आणले ते दिसण्यासारखे नव्हते: उलटी अक्षरे वाचण्याची विद्या. शिशाचा खिळा आरशातल्यासारखा उलटा असतो, आणि मराठीत तर काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी; ती सारी पितळी पट्टीत बोटांच्या अंदाजाने बसवीत जायचे, आणि बसवलेले डोळ्यांनी उलटेच वाचून चूक धरायची. त्यामुळे कंदिलाच्या उजेडात मी पुस्तक मांडीवर घेऊन वाचीत असलो आणि ती समोर बसून शेंगा फोडीत असली, तरी माझी एखादी ओळ गळाली की ती शेंगेवरून नजर उचलून त्या ओळीवर नेमके बोट ठेवी. लहानपणी मला वाटे, हिला सगळे पाठ आहे. नंतर उमगले की ती खरोखरच उलटे वाचीत होती.

अशाच एका संध्याकाळी ती म्हणाली, "यातलं एक पान माझ्या हातचं आहे."

"एकच?"

"हात पुष्कळ पानांना लागले. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुणाची मदत न घेता बसवलेलं, असं एकच."

"कोणतं ग?"

"वाचत राहा," एवढेच म्हणून ती सूप घेऊन उठली.

ते पान शोधण्याचा नाद मला तेव्हापासून लागला. बरीच वर्षे माझी खात्री होती की ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचे असावे. शेतात पुरलेली ठेव सापडताच घरी जाऊन आनंदाने आपले सर्वस्व विकणाऱ्या आणि ते शेत विकत घेणाऱ्या माणसाचा, आणि त्याच्या पाठोपाठ एका मोत्यापायी सारा माल फुंकून टाकणाऱ्या व्यापाऱ्याचा दाखला ज्या पानावर आहे, तेच पान आजी मला वरचेवर वाचायला लावीत असे. पुढे मी महसूल खात्यात चिकटलो आणि दप्तरखान्यात बसू लागलो, तेव्हा या दाखल्याबद्दल माझ्या मनात एक कारकुनी आक्षेप उत्पन्न झाला: भूमिगत द्रव्यासंबंधीच्या १८७८ च्या कायद्यान्वये दहा रुपयांवरील ठेव सापडल्यास कलेक्टरकडे वर्दी देणे बंधनकारक असताना, या इसमाने मूळ मालकास अंधारात ठेवून खरेदीखत केलेच कसे? आजीला मी हे विचारले. ती मनापासून हसली आणि म्हणाली, "तू ठेव सापडल्यावर वर्दी दे हो. मिळते का बघ आधी."

पुस्तकात एक कागद घडी घालून ठेवलेला होता. तो माझ्या पणजोबांचा. आमच्या घरात पणजोबांची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाई: प्रभूसाठी त्यांनी वतनावर लाथ मारली, सगळे भाऊबंद तोडले, जमीनजुमला सोडला. सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे त्या जमिनीचे एकरही वाढत जात. कागद मोडी लिपीत असल्याने तो घरात कुणालाच वाचता येत नव्हता आणि म्हणूनच त्याच्यावर सर्वांची श्रद्धा होती. दप्तरखान्यात जुनी कागदपत्रे चाळता चाळता मला मोडी येऊ लागली आणि एका रविवारी दुपारी, उपासनेहून परतल्यावर, मी तो कागद उलगडून बसलो. शके १८०१. लिहून देणार गावचा वतनी महार. मजकूर एवढाच, की माझी पाळी, तीबद्दलचे खळ्यावरचे बलुते, हाडोळ्याच्या जमिनीतला हिस्सा आणि मेल्या जनावराच्या कातड्यातला वाटा यांवर माझा उजूर राहिला नाही. मी आता देवळापुढची कामे करणार नाही. सहीच्या जागी एक फुली. घरच्यांच्या मते ती क्रूस होती. कचेरीच्या दृष्टीने ती फुलीच.

चाळीस एकर गेले आणि कातड्यातला वाटा उरला. त्या दुपारी मला वाईट वाटले हे मी नाकारीत नाही. वतन म्हणजे तरी काय होते? वेशीवर रात्र जागवायची, सरकारी भरणा डोक्यावर तालुक्याला पोहोचवायचा, हाकेसरशी धावायचे आणि मोबदल्यात पसाभर दाणे व शिळी भाकर घ्यायची. याच गुलामीला कायद्याचा आधार आहे म्हणून तर डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात दुरुस्तीचे बिल आणले होते. अशी बेडी तुटली तर त्यात सोडणे कसले, ती तर सुटका! शिवाय १८७६-७७ चा दुष्काळ नुकताच सरला होता; पोटासाठी बाटले, हा टोमणा आमच्या लोकांनी तीन पिढ्या ऐकला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा होता अशी शपथ मी कोणत्या तोंडाने घेऊ? १८५४ साली बाप्तिस्मा घेणारे बाबा पदमनजी किंवा १८९५ साली घेणारे नारायण वामन टिळक यांनी काय गमावले ते त्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या लेखणीने मराठी वाङ्मयात नोंदले गेले. पणजोबांजवळ लेखणी नव्हती, आणि गमावलेल्या वस्तूला बाजारात भाव नव्हता.

परंतु त्या कागदाने मला तेवढ्यावर सोडले नाही. दाखल्यातल्या माणसाने सर्वस्व विकले म्हणतात. ते सर्वस्व किती रुपयांचे होते, हे शास्त्रात कुठेही नाही. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची दोन नाणी तेवढी मोजलेली आहेत, आणि तीही ती किती थोडी होती हे कळावे म्हणून. पणजोबांनी पाळी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी खळ्यावरून दाणे आले नाहीत. पाणवठ्यावर भाऊबंदांनी तोंड फिरवले. आणि धर्मांतराने वारसाहक्क बुडत नाही असे सांगणारा १८५० सालचा एकविसावा कायदा तेव्हा एकोणतीस वर्षांचा झालेला असूनही तो आमच्या वस्तीपर्यंत चालत आला नव्हता. बेडी म्हणा, पण त्या बेडीलाच भाकर बांधलेली होती. हे मला तीस वर्षांचा झाल्यावर, महिन्याच्या एक तारखेस पगार मोजून घेण्याची सवय लागल्यावर, अंधुकसे समजू लागले.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली आणि नजराणा भरून घेऊन त्या जमिनी वतनदारांच्या नावे फेर-मंजूर करण्याची प्रकरणे आमच्या कचेरीत वर्षानुवर्षे चालली. आमच्या गावचे प्रकरण माझ्याच टेबलावर आले. हाडोळ्याच्या तुकड्याखाली मी माझ्या हाताने माझ्या चुलत्यांची नावे लिहिली. एक वृद्ध चुलते खिडकीपाशी बसले होते. १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या मागोमाग त्यांनीही देव्हाऱ्यातले देव ओढ्यात नेऊन सोडले होते, त्यामुळे सोडण्याचा मक्ता काही एकट्या आमच्या घराण्याकडे राहिला नव्हता. ते हळूच म्हणाले, "तुजंबी नाव घाल की रं. कागद तुज्याच हाती हाय." मी मान हलवली. यात माझा काही मोठेपणा नव्हता. सगळे हिस्से पाडल्यावर माझ्या वाट्याला दीड गुंठा येत होता, आणि दीड गुंठ्यासाठी पणजोबांची फुली खोडण्याइतका मी अडलेला नव्हतो.

अडलो तो १९८५ साली. थोरला मुलगा बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, अभियांत्रिकीला प्रवेश मिळण्याजोगा होता, आणि फीचा आकडा माझ्या चार महिन्यांच्या पगाराहून मोठा होता. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे महार जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीत मोडत नाही. म्हणजे जात गावाच्या लेखी तशीच राहते, सवलतीच्या लेखी जाते. आमच्यातल्या कित्येकांनी या पेचावर साधा तोडगा काढला होता: रविवारी मंडळीत एक नाव, दाखल्यावर दुसरे. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत त्यांनी काय लिहावे हे पगारदाराने सांगू नये. जातीचा दाखला तर माझ्याच कचेरीतून निघावयाचा होता. मी मुलाचा अर्ज घरी आणला आणि धर्माच्या रकान्यात शिसपेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, 'हिंदू' असे लिहून पाहिले.

पाहिले एवढेच, असे मी तीन दिवस स्वतःस सांगत होतो. तिसरा दिवस रविवारचा. पाळकांचा उपदेश माझ्यासाठीच असेल या भीतीने मी मागच्या बाकावर बसलो. पण त्या दिवशी त्यांनी पाऊण तास मंदिराच्या गळक्या कौलांवर आणि ती बदलण्यासाठी लागणाऱ्या वर्गणीवर काढला. घरी आल्यावर मी रबर घेऊन ती अक्षरे खोडली आणि त्यांच्यावर शाईने 'ख्रिस्ती' असे लिहिले. ते विश्वासापायी केले, की खोटा दाखला उघडकीस आला तर नोकरी जाईल या भीतीपायी, याचा निवाडा मी आजवर करू शकलेलो नाही. दोन्ही गोष्टी त्या रबरात होत्या. रबराने कागद खरखरीत झाला होता आणि शाई जराशी पसरली. कॉलेजातल्या लेखनिकाने अर्ज उजेडाकडे धरून विचारले, "इथं आधी काय होतं?" मी म्हणालो, "चूक झाली होती."

फी भरण्यासाठी पत्नीने आपल्या पाटल्या काढून दिल्या. आम्ही दोघे बँकेत गेलो तेव्हा खिडकीमागच्या गृहस्थांनी नेहमीच्या सुरात विचारले, "तारण काय?" आमच्या मंडळीत हा शब्द रविवारी कितीदा उच्चारला जातो आणि कोणत्या अर्थाने, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पत्नीने तोंडाला पदर लावून हसू दाबले, मग रुमालाची गाठ सोडून पाटल्या काउंटरवर ठेवल्या. चार वर्षांनी त्या सोडवल्या. पुढच्याच वर्षी धाकटीच्या लग्नात मोडल्या.

आता पुस्तकाची शिवण सुटली आहे. गेल्या महिन्यात मी ते बांधणी करणाऱ्याकडे नेले. त्याने अंगठ्याने कडा फिरवून पाहिल्या आणि म्हणाला, काका, कडा कापून घेतल्याशिवाय नीट बसणार नाही, बोटभर समास जाईल. समासात आजीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुठे टिंब, कुठे निसटलेली वेलांटी दाखवणारी तिरकी रेघ. एवढ्या वर्षांनीही ती मुद्रिते तपासत होती. मी पुस्तक परत आणले आणि नवी सुतळी घेऊन बांधले.

बांधताना तिचे शेवटचे दिवस आठवले. दृष्टी गेली होती. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवी आणि ती तळव्याने पाने चाचपीत बसे. मी एकदा शेवटचे म्हणून विचारले, "आजी, आता तरी सांग. कोणतं पान?"

"ते कुठलं राहतंय," ती म्हणाली. "छापून झालं की पान मोडायचं. खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. दुसरं पान लागायचं ना त्यांनाच."