शिबिराची जागा

मागच्या जुम्म्याला नमाजनंतर आमच्या युवक मंडळाची बैठक झाली. विषय एकच. हिमायतनगरला गावठाणालगत मंडळाची वीस गुंठे जागा आहे, ती विकायची की ठेवायची. दोन खोल्या, एक लांब पत्र्याचं शेड, चारी बाजूंनी भिंत आणि आटलेला बोअर. वर्षातून पंधरा दिवस शिबिर, बाकी दिवस कुलूप.

सचिव तरुण आहे, माझाच विद्यार्थी. म्हणाला, "सर, बेच डालो. पैसा बँक में रखेंगे, ब्याज से बच्चों को स्कॉलरशिप देंगे." 'ब्याज' ऐकून एक चाचा जोरात खाकरले. सचिवाने लगेच दुकानांवर उडी मारली, "तो दुकानां लेंगे, किराये से देंगे." त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. फी भरायला पैसे नाहीत म्हणून शाळा सुटलेली मुलं मी बघितली आहेत. मीही मान डोलावली. ठरावाचा मसुदा माझ्याकडेच आला, सरांचं मराठी चांगलं म्हणून.

लिहायला बसलो आणि कायदा काढून वाचला. सार्वजनिक न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची तर 1950 च्या कायद्यातल्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. जागा वक्फ असती तर प्रश्नच नव्हता, 2013 च्या दुरुस्तीपासून वक्फची जमीन विकताच येत नाही. पण ज्यांनी ही जागा दिली त्या मरहूम बुजुर्गांनी साधं बक्षीसपत्र केलं होतं. 'मुलामुलींच्या शिबिरासाठी' एवढंच त्यात लिहिलंय.

मला वाटायचं, परवानगी मिळाली की झालं. पण पुण्याचं उदाहरण आहे. मॉडेल कॉलनीतलं सेठ हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंग म्हणजे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचं जुनं वसतिगृह, आवारात मंदिर. विश्वस्तांनी ती जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं, 2025 मध्ये परवानगीही मिळाली. मग माजी विद्यार्थी आणि जैन समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर व्यवहार रद्द झाला. मुंबईत अल्टामाउंट रोडवरची करीमभाई इब्राहिम खोजा यतीमखान्याची जमीन मात्र 2002 मध्ये सुमारे 21 कोटींना गेली. तिथे आज अँटिलिया उभी आहे. त्यावर कोर्टकचेरी झाली, आपल्या लोकांत बोलणंही पुष्कळ झालं, पण सगळं विकल्यानंतर.

इंग्लंडमधल्या गर्ल गाइड संघटनेने 2023 मध्ये आपली पाचही शिबिर केंद्रं विकायचं जाहीर केलं. त्यातलं फॉक्सलीज 1922 पासून त्यांच्याकडे होतं. कारणं आमच्यासारखीच: येणाऱ्या मुली थोड्या, दुरुस्तीचा खर्च मोठा.

'मुली थोड्या' इथे मी अडकलो. आमच्या पंधरा दिवसांतले पाच दिवस मुलींचे असतात. गेल्या मे महिन्यात चौतीस मुली आल्या, सातवी-आठवीच्या. त्यांच्यासाठी मी घरोघर फिरलो होतो. प्रत्येक दारात एकच सवाल, "रात को कहाँ सोयेंगे, सर?" मी जागा सांगायचो आणि होकार मिळायचा. आपली भिंत, आपलं फाटक, स्वयंपाकाला गल्लीतल्याच खाला. एक दिवस त्यांना सहस्रकुंडला नेलं. उन्हाळ्यात धबधब्याला पाणी कुठलं, नुसते काळे खडक. तरी पोरी तिथून हलेनात. त्यातल्या कितीजणींनी पैनगंगा पहिल्यांदाच पाहिली होती, आणि ही नदी आपल्या उशाला!

मुलांचं शिबिर मंगल कार्यालय भाड्याने घेऊन होईल, शाळेच्या पटांगणातही होईल. मुलींना तिथे एकही अब्बा रात्री ठेवणार नाही. विक्रीच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सुचलं नाही. उद्या शिष्यवृत्तीच्या यादीत याच मुलींची नावं असतील, हेही खरंच आहे.

मसुदा बॅगेत आहे, सही सोडून सगळा पूर्ण. येत्या जुम्म्याला पुन्हा बैठक आहे. या वेळी दोन-चार मुलींच्या अम्मींनाही बोलवा, असं मी सचिवाला फोनवर सांगितलं. तो थोडा थांबला, मग म्हणाला, "ठीक है सर. बोअर का खर्चा भी उनसेइच पूछेंगे क्या?"