गाईसारखा तो गवा

आमच्या ह्यांना जनावरांचे वेड आणि मला माणसांचे. त्यामुळे वीस वर्षांच्या संसारात सहलींपुरता आमचा एक तह झालेला आहे. वाटेतले पक्षी त्यांचे, वाटेतले नातेवाईक माझे. गाडी मी चालवते. एकदा भिगवणच्या रस्त्यावर रोहित पक्ष्यांचा थवा दिसताच ह्यांनी गाडी सरळ चरात घातली. ज्याच्या गळ्यात दुर्बीण आहे त्याच्या हाती चाक देऊ नये, हे मला त्या दिवशी कळले.

गेल्या नाताळच्या सुट्टीत हे म्हणाले, "दाजीपूरला गवे बघायला जाऊ या." मी चटकन होकार दिला. कारण कोल्हापूर वाटेवर, आणि कोल्हापुरात माझी मावशी. रात्री नकाशा उघडून बसले तेव्हा ह्यांनी न सांगितलेली एक गोष्ट ध्यानात आली. दाजीपूर फोंडा घाटाच्या माथ्यावर आहे. घाट उतरला की फोंडा, आणि फोंड्याजवळच्या एका वाडीत ह्यांचे घर. तिथे ह्यांचे थोरले भाऊ राहतात. त्या दोघांत सहा वर्षे बोलणे नाही.

भांडण म्हणावे तर तेही धड झाले नव्हते. मामंजी गेल्यावर जमिनीचा विषय निघाला. हे म्हणाले, विकून टाकू. दादा म्हणाले, "पुण्यात बसून तुला काय कळणार?" त्यावर हे म्हणाले, "मग तूच बघ सगळे." दोघेही शब्दाचे पक्के! दादा सगळे बघत राहिले, आणि ह्यांनी काही म्हणजे काही बघितले नाही. गणपतीला मी आणि वहिनी फोनवर बोलायचो, तेवढाच काय तो धागा. मी नकाशा मिटला आणि गप्प राहिले. संसारात काही गोष्टी दिसल्या तरी दिसल्या असे म्हणायचे नसते.

मावशीकडे तांबडा-पांढरा रस्सा झाला. "कशाला चालला त्या रानात?" तिने विचारले. "गवा बघायला," मी म्हटले. "म्हंजे रानातली म्हसच की! मग आमच्या गंगावेशीत काय कमी हैत?" गंगावेशीत धारोष्ण दूध मिळते, गिऱ्हाइकापुढे म्हैस उभी करून. मावशीचे जनावरांविषयीचे सारे मत तिथेच बनलेले.

दुसऱ्या दिवशी राधानगरीची वाट धरली. दुतर्फा ऊस, गुऱ्हाळांचा वास, आणि मग भोगावतीवरचे ते धरण. विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी ते हाती घेतले. पाणी ठरल्या पातळीवर आले की त्याचे सात दरवाजे आपले आपण उघडतात. हे त्या दरवाज्यांकडे बराच वेळ पाहत उभे होते. माणसालाही अशी काही सोय असती तर, असे माझ्या मनात आले. पण बोलले नाही.

दाजीपूरचे रान पूर्वी कोल्हापूरकर छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले, आणि 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हेही आले. दोन दिवस आम्ही जीपमधून हिंडलो. अंजनी-जांभळाच्या गर्द सावलीतून जाता जाता एकदम सावराईचा उघडा सडा लागतो आणि डोळे दिपतात. एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेप घेऊन गेले. धनेशाच्या पंखांचा आवाज वरून ऐकला. गव्यांचे खूर दिसले, शेण दिसले, अंग घासून गुळगुळीत केलेले एक झाड दिसले. गवा मात्र दिसला नाही.

संध्याकाळी शेकोटीपाशी मी ह्यांना न्यायशास्त्रातला गवय सांगितला. न्यायशास्त्रात उपमान या प्रमाणाचे उदाहरणच मुळी ह्या प्राण्याचे आहे. गावातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नसतो. कोणी रानातला माणूस त्याला सांगतो, गवय हा गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखे जनावर पाहतो आणि ओळखतो की हाच तो. "एकूण काय," मी म्हटले, "आपल्या माणसाच्या सारखेपणावरूनच परके ओळखू येते." हे काही बोलले नाहीत. लाकूड पुढे सारत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. फोनमध्ये पुण्याचा पत्ता घातला होता. मी मात्र गाडी घाटाकडे वळवली. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. फोनमधली बाई दर दोन मिनिटांनी गाडी मागे वळवायला सांगू लागली. तिसऱ्या वळणावर ह्यांनी हात पुढे केला आणि तिला बंद केले. मी जे समजायचे ते समजले.

दादा खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होते. वहिनी दारातून "येवा, येवा" म्हणत पुढे आल्या. दादांनी मान वर करून आधी ह्यांच्या गळ्याकडे पाहिले.

"ह्यां कित्याक?"

"गवे बघूक," हे म्हणाले. सहा वर्षांनंतरचे पहिले वाक्य!

"दिसले?"

"नाय."

दादा हसले, पण ते हसणे कोरडे होते. "दाजीपुराक कित्याक गेलास? रात्री माळ्यार ये. हयसर तिकीट नाय."

स्वयंपाकघरात वहिनींनी मला सगळे सांगितले. गवे आता रोज खाली उतरतात. वायंगणी भाताचा तरवा एकदा पेरला, तो खाल्ला. पुन्हा पेरला, तो तुडवला. कुळीथ तर यंदा घरात आलाच नाही. पिकाची नुकसानभरपाई मिळते, पण सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे. दुसऱ्याच्या संमतीची सही लागते. अर्जाचा कागद दोन वर्षे कपाटात पडून होता. "सही माग म्हटले तर म्हणतात, सरकाराकडे हात पसरीन, धाकट्याकडे नाही." वहिनी हे सांगत असता नारळ खवत होत्या, आणि खवणीचा आवाज मध्येच थांबत होता.

रात्री मीही घोंगडी पांघरून माळ्यावर गेले. दादांकडे पत्र्याचा डबा, ह्यांच्याकडे बॅटरी. बोलणे कोणाचेच नाही. दोनच्या सुमारास बांधापलीकडे पाचोळा वाजला आणि एक खोल सुस्कारा ऐकू आला. बॅटरी लागली.

चार होते. बैलाचा तो काळा पर्वत, पाठीवरचा उंचवटा, गुडघ्यापासून खाली पांढरे पायमोजे घातल्यासारखे पाय. न्यायशास्त्रातला गावकरी हा एवढा देह पाहून त्याला गाईसारखा कसा म्हणाला, हे मला कळेना. मग मागून एक तांबूस पाडस आले आणि आईच्या पोटाला जाऊन चिकटले. आईने मान वळवून त्याला हुंगले. अगदी आमच्या आजोळच्या कपिलेसारखे! मी "अगं बाई" म्हणणार, तोच त्या आईने मान खाली घातली आणि दादांचा तरवा ओठांनी उपटला.

दोन दिवस जे पाहायला मी पैसे मोजून हिंडले, ते समोर होते. आणि ते जावे असे मला वाटत होते. जीपमधून पाहिलेला गवा आणि बांधावरून पाहिलेला गवा ही एकच गोष्ट नव्हे. ती गरीब आई आपल्या पाडसासाठी चरत होती, आणि माझ्या जावेच्या पानातला घास जात होता. दोन्ही खरे होते.

दादांनी डबा बडवला. "हा! हो!" अशी आरोळी उठली. मागोमाग दुसरी. अंधारात दोन्ही आवाज इतके सारखे, की कोणता दादांचा आणि कोणता ह्यांचा हे वीस वर्षे संसार केलेल्या मलाही सांगता येईना. गवे सावकाश वळले. जाता जाता त्यांनी बांध ढासळवला.

सकाळी दोघे भाऊ ढासळलेला बांध घालत होते. परत आल्यावर ह्यांनी स्वतःच कपाट उघडले आणि कागद बाहेर काढला.

"खंय सही करूची?"

दादांनी कागदाकडे पाहिले नाही. "आधी च्या घे," म्हणाले. चहा होईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग सही झाली.

जमिनीचा प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. हे अजून विकायचे म्हणतात, दादा अजून नाही म्हणतात. पण आता ते एकमेकांना म्हणतात. दर रविवारी सकाळी फोनवर अर्धा तास वाद चालतो, आणि मी शेजारच्या खोलीत समाधानाने पेपर तपासत बसते.

निघताना वहिनींनी डिकीत उकडे तांदूळ, आमसुले आणि नारळ भरले. ह्यांची दुर्बीण मात्र तिथेच खुंटीला राहिली. विसरलो, म्हणतात. जेवतानाही जी गळ्यातून निघत नाही, ती दुर्बीण! दिवाळी झाली की आणायला जायचे आहे.

परतताना मावशीकडे थांबलो. तिने विचारले, "दिसला का गं गवा? कसा असतोय?"

"गाईसारखा," मी म्हटले.

"मग मी काय सांगत होते!" मावशी म्हणाली, आणि दुधाचे पेले भरायला आत गेली.